'कॅलो' : टकल्यापासून पोरसवद्यापर्यंत

इंग्रजीत 'कॅलो यूथ' (callow youth) असं वाचून शब्दकोश उघडला, तर 'कॅलो'चे 'पंख न फुटलेला' आणि 'अननुभवी' असे दोन अर्थ मिळाले. यातला मूळ कोणता, असा प्रश्न पडतो. मूळ अर्थ या दोन्हींपेक्षा वेगळा आहे: टकला.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'कालु' असा होता आणि टक्कल असलेल्या माणसाला लावला जाई. जर्मन आणि डचमधलं त्याचं भावंड 'काल' आजही टकल्यालाच म्हणतात. जर्मनमध्ये पानं झडलेल्या झाडालाही. इंग्रजीत मात्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द डोक्यावरून घरट्यात उतरला. अंगावर पीस नसलेलं पिल्लू 'कॅलो' झालं, आणि त्याच सुमारास जग न पाहिलेला तरुणही. टकलाचा अर्थ पुढे पार पुसला गेला.

इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यात (१६६७) सातव्या सर्गात सृष्टी घडत असताना अंडी फुटून 'कॅलो' पिल्लं बाहेर येतात आणि लगोलग त्यांना पिसं फुटतात. तिथे या शब्दात कमीपणाचा लवलेशही नाही, निव्वळ वर्णन आहे. मला हा वापर फार आवडतो.

नेमकं चित्र हवं असेल तर बुलबुलाचं घरटं आठवा. नुकतं बाहेर आलेलं पिल्लू म्हणजे गुलाबी कातडीचा गोळा: डोळे मिटलेले, मान धरता येत नाही, चोच तेवढी वासलेली. हे 'कॅलो'. कोंबडीचं पिल्लू मात्र मऊ लव घेऊनच अंड्याबाहेर येतं आणि थोड्याच वेळात आईमागे धावतं. त्याला हा शब्द शोभत नाही. कीटकशास्त्रातही तो आहे: कोशातून नुकतीच बाहेर पडलेली, फिक्या रंगाची, कवच अजून मऊ असलेली मुंगी 'कॅलो' म्हणवते.

माणसाबद्दल वापरताना दोन गोष्टी सांभाळा. एक, लहान मुलाला 'कॅलो' म्हणत नाहीत. ज्याच्याकडून आता थोडी समज अपेक्षित आहे आणि ती दिसत नाही, अशा तरुणालाच तो लागतो, आणि आज त्यात किंचित हिणवणं असतंच. म्हणून नुसतं 'अननुभवी' लिहिलं की अनुवाद फिका पडतो. 'पोरसवदा' किंवा 'मिसरूडही न फुटलेला' जास्त जवळ जातात. 'अजून पंख फुटायचेत' टाळा. आपल्याकडे 'पंख फुटले' म्हणजे पोरगं हाताबाहेर चाललं, असाही सूर लागतो.

दोन, 'कॅलस' (callous) या दुसऱ्या इंग्रजी शब्दाशी गल्लत नको. त्याचं मूळ लॅटिनमधल्या घट्ट्याच्या शब्दात आहे. त्याचा अर्थ निबर, निर्दय. आणि आयर्लंडमधल्या शॅनन नदीकाठच्या, पुरात बुडणाऱ्या कुरणांना 'कॅलोज' म्हणतात, तो शब्द आयरिश भाषेतून आलेला. स्पेलिंग तेच असलं तरी पिसांशी त्याचा काही संबंध नाही.