थारला पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

भावा, बेळगावातनं जैसलमेरला जायचं ठरवलंयस हे लई भारी, फक्त मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघ, रात्री कडाक्याची थंडी पडते म्हणून स्वेटर घे. नवीन लोक जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत उंटावर बसून परत येतात, वाळवंट म्हणजे तेवढंच नव्हे रे! डेझर्ट नॅशनल पार्कात सुदासरीकडे पहाटे जा, लोकल गाइड घेऊन. खानापूरच्या जंगलात आपण झाडाआड थांबतो, तिथं आडोसाच नाही, चिंकारा हरण तुला लांबूनच बघतंय, म्हणून गाडीतच गप्प बसायचं. आणि माळढोक पक्षी दिसला तर गाडी अजिबात पुढं घालू नको, फार थोडे उरलेत ते, फोटो नाही आला तरी चालतंय.

बाकी,
- पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घे
- बूट झाडून घाल, फुरसं (विषारी साप) तिथंही असतंय
- कुलधरा या ओसाड गावाच्या पडक्या भिंतींवर चढू नको, भुताच्या गोष्टी सोड, तिथं पूर्वी राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांनी घरं आणि गल्ल्या कशा आखल्यात ते निवांत बघ
- आकलच्या जीवाश्म उद्यानात अंदाजे 18 कोटी वर्षांपूर्वीची दगड झालेली झाडं आहेत, तुकडा खिशात घालायचा नाही

सीमेकडचे परवाने, मोठ्या लेन्स हे आत्ता डोक्यात घेऊ नको, पहिली ट्रिप होऊ दे, मग विचार.