झोप झाली, पण दारू उतरली का?

तुमचं म्हणणं असं, की रात्री दहा ते एकमध्ये साठ मिलीचे चार पेग झाले, मग झोप, उठल्यावर काळी कॉफी आणि गार पाण्याची आंघोळ. तरी सातला श्वासचाचणीत दारू दिसली. मशीन खराब होतं का?

मशीनवर खापर फोडण्याआधी हिशेब करू. साधारण 43 टक्क्यांच्या दारूच्या एका पेगमध्ये 20 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे चारांत 80. ते चरबीत फारसं शिरत नाही, अंगातल्या पाण्यात मिसळतं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात 100 मिलीमागे 160 मिलीग्रॅमपर्यंतचा हा ऐवज. बाईच्या अंगात पाणी कमी, त्यामुळे तेवढ्याच वजनाला आकडा वर जातो.

आता उतरण्याचं. लिव्हर तासाला सरासरी 15 मिलीग्रॅम उतरवतं, कुणाचं 10, कुणाचं 20. रांग कितीही लांब असो, खिडकी एकच. दहापासून नऊ तासांत 135 गेले, 25 उरले. तेच मशीनला दिसले. कॉफीने पेंग जाते, दारू नाही. पेंगुळलेला पिणारा जागा पिणारा होतो, एवढंच! आंघोळीचंही तेच. श्वास, लघवी, घाम यांतून फार थोडी बाहेर पडते.

लिव्हर आधी तिचं अॅसिटाल्डिहाइड करतं, मग अॅसिटेट. पहिलं विषारी. पूर्व आशियातल्या अनेकांत ते पुढे ढकलणारं एन्झाइम जन्मतःच कमजोर असतं, म्हणून दोन घोटांत चेहरा लालबुंद आणि छातीत धडधड.

जेवणाचा उपयोग होतो, पण आधी केलेल्या. भरल्या पोटी दारू जठरात रेंगाळते आणि जिथे ती मुख्यतः शोषली जाते त्या लहान आतड्यात उशिरा पोचते. एकदा रक्तात गेली की वरून कितीही जेवा.

पहाटे तीन-चारला जाग आली असेल, तर नवल नाही. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटक होते. त्यात लघवी रोखून धरणारं हार्मोन दबतं, म्हणून फेऱ्याही.

मित्राला उलटी झाल्यावर तुम्ही पाठीवर झोपवून खोलीचं दार लावून घेतलंत, ते मात्र चुकलं. शेवटच्या पेगनंतरही काही वेळ रक्तातलं प्रमाण चढतच असतं, आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा माणसाला कुशीवर वळवायचं आणि जवळ बसायचं. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसले, तर लगेच अँब्युलन्स बोलवायची.