मेटचन बरो: एडिसनच्या पोटातलं वेगळं गाव

ताई, तुमचा भाचा न्यू जर्सीत मेटचनला भाड्याचं घर बघतोय. नकाशात ते एडिसन या मोठ्या गावाच्या आत दिसतं आणि लोकसंख्या जेमतेम पंधरा हजार. तेव्हा हा एडिसनचाच एखादा वॉर्ड आहे की कुठलं आडगाव, आणि ‘बरो’ ही काय भानगड, असं तुम्ही विचारलंय. या भागात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. घर घेण्याआधी हे कळलेलं फार बरं.

वॉर्ड नाही आणि आडगावही नाही. मेटचन हे पूर्ण स्वतंत्र गाव आहे. स्वतःचा मेयर, सहा जणांची कौन्सिल, स्वतःचे पोलीस, स्वतःच्या शाळा, स्वतःचं बजेट. फक्त चारी बाजूंनी एडिसन टाउनशिपचा वेढा आहे (टाउनशिप हाही इथल्या नगरपालिकेचाच एक प्रकार). पुण्याच्या मधोमध कॅन्टोन्मेंटचा कारभार महापालिकेपासून वेगळा असतो, साधारण तसं समजा, लष्कराचा संबंध सोडून. आणि ब्रुकलिन किंवा क्वीन्सला बरो म्हणतात म्हणून गोंधळून जाऊ नका. ते न्यूयॉर्क शहराचे विभाग आहेत, २०२० च्या जनगणनेत एकट्या ब्रुकलिनमध्ये सत्तावीस लाखांच्या वर लोक होते. न्यू जर्सीतला बरो म्हणजे छोटी, स्वतंत्र नगरपालिका. या राज्यात लहानमोठ्या मिळून ५६४ नगरपालिका आहेत आणि त्यांत सर्वांत जास्त बरोच.

इतके तुकडे का पडले, तर रेल्वे आणि शाळा. एकोणिसाव्या शतकात टाउनशिप म्हणजे मैलोन् मैल शेती. रेल्वे आली, स्टेशनाभोवती वस्ती दाट झाली. त्या वस्तीला रस्ते, दिवे, पाणी, चांगली शाळा हवी. लांबच्या शेतकऱ्याला त्यासाठी कर भरायचा नाही. १८९४ मध्ये राज्याने शाळांचा कायदा बदलला, तेव्हा तर बर्गन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) बरो स्थापन करायची लाटच आली, एका वर्षात दोन डझनांहून जास्त. मेटचन २० मार्च १९०० रोजी वेगळं झालं, तेव्हाच्या रॅरिटन टाउनशिपमधून. याच रॅरिटन टाउनशिपमधल्या मेन्लो पार्कला थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती, म्हणून १९५४ मध्ये टाउनशिपने त्याचं नाव घेतलं. म्हणजे बरो म्हणून मेटचन हे ‘एडिसन’ या नावापेक्षा अर्ध्या शतकाने जुनं आहे. लेखक-कलावंतांची वस्ती असल्यामुळे ‘ब्रेनी बरो’, म्हणजे हुशारांचं गाव, असं टोपणनावही त्याला पडलं, आणि गावातले लोक ते आजही अभिमानाने सांगतात.

आता भूगोल. क्षेत्रफळ तीन चौरस मैलांच्याही आत, म्हणजे साधारण सात चौरस किलोमीटर. एडिसन त्याच्या दहापटीहून मोठं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणूस पाऊण-एक तासात चालत जातो. हिमयुगातल्या शेवटच्या हिमनदीने ढकलत आणलेल्या दगडमातीचा बांध याच पट्ट्यात येऊन थांबला, त्यामुळे जमीन पूर्ण सपाट नाही, हलके चढउतार आहेत. वायव्येला डिस्मल स्वॉम्प नावाची पाणथळ आहे, तिचा छोटा तुकडा मेटचनमध्ये येतो. म्हणून एक सल्ला: घर बघताना बेसमेंटमध्ये पाणी येतं का, हे कुठेही राहायला गेलात तरी विचारा.

गावाचा कणा म्हणजे रेल्वे. न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाची मुख्य लाइन गावाच्या मधून जाते आणि मेन स्ट्रीट रेल्वेच्या पुलाखालून पलीकडे निघतो. स्टेशन, दुकानं, लायब्ररी सगळं चालत. भाच्याला मॅनहॅटनला जायचं असेल तर पाऊण तास ते तास धरा. मला विचाराल तर या गावाचं खरं सुख हे चालण्याचंच आहे. एडिसनमध्ये दुधाची पिशवी आणायलाही बहुतेकांना गाडी काढावी लागते.

सीमा कशी असते हे पाहायचं असेल तर मिडलसेक्स ग्रीनवेवर जा. जुन्या लीहाय व्हॅली रेल्वेचे रूळ काढून केलेली साडेतीन मैलांची पायवाट आहे, २०१२ मध्ये खुली झाली. मेटचनमध्ये सुरू होते, झाडीतून एडिसनमध्ये शिरते आणि वुडब्रिजमध्ये संपते. तासाभराच्या फिरण्यात तीन नगरपालिका होतात आणि चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

लोकसंख्येचे आकडे मला सगळ्यांत बोलके वाटतात. १९१० मध्ये दोन हजारांच्या थोडी वर, १९५० मध्ये ९,८७९, आणि १९७० मध्ये १६,०३१. महायुद्धानंतर मोकळ्या जागांवर घरं झाली, घराघरात तीन-चार मुलं होती. १९९० पर्यंत आकडा १२,८०४ वर उतरला. गाव ओस पडलं का? अजिबात नाही. घरं तेवढीच राहिली, मुलं मोठी होऊन बाहेर गेली, मागे आईवडील उरले. सीमा बांधलेली, मोकळी जमीन संपलेली, त्यामुळे लोकसंख्या घरागणिक माणसांवरच हलते. नंतर स्टेशनाजवळ पार्किंगच्या जागेवर फ्लॅट झाले, तरुण कुटुंबं आली आणि २०२० च्या जनगणनेत १५,०४९ झाले. म्हणजे अजूनही १९७० पेक्षा कमीच! तरी चौरस किलोमीटरला दोन हजारांवर माणसं बसतात. एडिसनची लोकसंख्या १,०७,५८८, पण पसारा मोठा असल्यामुळे दाटी त्याहून कमी. तेव्हा पंधरा हजार ऐकून खेडं डोळ्यांसमोर आणू नका.

आपली माणसं, मंदिरं, किराणा, ओक ट्री रोडची दुकानं मुख्यतः एडिसन आणि वुडब्रिजमधल्या आयसेलिनला.  २०१० मध्येच एडिसनच्या शंभरातले २८ च्या आसपास लोक भारतीय वंशाचे होते. मेटचनमध्ये भारतीय कुटुंबं आहेत, पण तो गजबजाट नाही. गाडीने काही मिनिटांचं अंतर आहे, अडचण कसलीच नाही.

आता महत्त्वाचं. या भागात नावावर जाऊ नका. फोर्डचा ‘मेटचन’ म्हणून ओळखला जाणारा कारखाना १९४८ ते २००४ चालला, मस्टँग गाड्या तिथे बनायच्या, आणि तो होता एडिसनच्या हद्दीत. घरांच्या जाहिरातींतही ‘मेटचनजवळ’, ‘मेटचन स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं बिनदिक्कत लिहितात. मुलांची शाळा, प्रॉपर्टी टॅक्स, मतदान हे सगळं हद्दीवर ठरतं. हद्दीपलीकडच्या घरातलं मूल एडिसनच्या शाळेत जाणार, मेटचनची शाळा दोन रस्ते सोडून असली तरी.

म्हणून भाच्याला सांगा, करारावर सही करण्याआधी घराचा पूर्ण पत्ता घेऊन मेटचनच्या शाळा कार्यालयात फोन करायचा आणि हा पत्ता तुमच्याकडे येतो का, एवढंच विचारायचं. घर विकत घ्यायचं झालं तर प्रॉपर्टी टॅक्सच्या नोंदीत नगरपालिकेचं नाव स्पष्ट असतं, ते बघायचं. एजंटच्या तोंडी खात्रीवर थांबू नका. भाचा कुठल्या रस्त्यावर घर बघतोय ते कळवलंत, तर स्टेशन तिथून चालत किती आहे ते मी सांगेन.