वाचकांचे प्रश्न : टायरमधील हवा आणि गाडीचे टोचन

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे या वेळी टायर आणि बंद पडलेली गाडी ओढून नेणे या दोन विषयांवरची आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या टायरच्या कडेवर कमाल दाब 51 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) असे छापलेले आहे, तर गाडीच्या दाराजवळील स्टिकरवर 33 हा आकडा आहे. लांबच्या प्रवासात मध्येच हवा तपासली तेव्हा ती 38 भरली, म्हणून मी ती काढून 33 वर आणली. हे बरोबर झाले का?

नाही, आणि ही चूक इतके लोक सद्हेतूने करतात की तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही त्या टायरची सहनशक्तीची मर्यादा असते. तो टायर कोणत्या गाडीला बसणार हे टायर बनवणाऱ्याला ठाऊक नसते. गाडीचे वजन, तिचे सस्पेन्शन आणि पुढील-मागील चाकांवर येणारा भार पाहून योग्य दाब ठरवतो तो गाडी बनवणारा, आणि तोच चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. पुष्कळ गाड्यांच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एक मोजक्या प्रवाशांसाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. पाच माणसे आणि सामान घेऊन निघताना दुसऱ्या आकड्याकडे पाहण्याची आठवण फार थोड्यांना राहते.

हे दोन्ही आकडे थंड टायरसाठी असतात. गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली असावी, तरच टायर थंड समजावा. धावताना टायर तापतो आणि दाब चार-पाच पीएसआयने वाढतो. ही वाढ गृहीत धरूनच स्टिकरवरचा आकडा ठरवलेला असतो. आपण तापलेल्या टायरमधून हवा काढून 33 केली, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये ती 28 किंवा 29 उरली असणार. कमी हवेवर धावणारा टायर अधिक तापतो, दाब पुन्हा वाढलेला दिसतो आणि चालक पुन्हा हवा काढतो.

कमी हवा घातक का ठरते, हे टायर उघडून पाहिल्यावर नीट कळते. गाडीचे वजन रबर पेलत नाही, ते पेलते आतली दाबलेली हवा. हवा कमी झाली की टायरची बाजू जमिनीपाशी येताच दुमडते आणि वर जाताच पुन्हा ताठ होते. मध्यम आकाराच्या मोटारीचा टायर एका किलोमीटरमध्ये साधारण 500 फेरे घेतो, म्हणजे तितक्या वेळा ही दुमड पडते. तार हातात धरून एकाच जागी भराभर वाकवली तर ती बोटांना चटका देते आणि शेवटी तुटते. टायरच्या बाजूतील धाग्यांचे तसेच होते. कमी हवेवर बराच काळ चाललेला टायर रिमवरून काढला, तर आतून काळ्या रबराचा भुगा ओंजळीत येतो आणि आतल्या बाजूला गोलाकार घासलेला पट्टा दिसतो. असा टायर बाहेरून कितीही चांगला दिसत असला तरी तो पुन्हा चढवू नये.

हवा महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी सकाळी तपासावी. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा कमी होते, आणि बाहेरचे तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने उतरले की आणखी एक पीएसआय दाब घटतो. स्वतःचे छोटे गेज जवळ ठेवावे. नुसत्या नजरेने किंवा पायाने टायर दाबून पाच-सात पीएसआयचा फरक अनुभवी माणसालाही ओळखता येत नाही. डॅशबोर्डवर टायरची सूचना देणारा दिवा असेल तरी त्यावर विसंबू नये, कारण अनेक गाड्यांत दाब पाव हिश्शाने घटल्यावरच तो लागतो.

प्रश्न : साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणे खरोखर फायद्याचे आहे का?

आपल्या भोवतालच्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे. शुद्ध नायट्रोजन टायरमधून किंचित सावकाश निघून जातो आणि त्यात ओलावा नसतो, एवढा त्याचा लाभ आहे. रोजच्या वापरातील गाडीला तो फारसा जाणवत नाही. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये वेळप्रसंगी साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही. नायट्रोजन आहे म्हणून तपासणीच सोडून देणे मात्र निश्चित बिघडवते.

प्रश्न : आमची गाडी फार कमी चालते. टायरची नक्षी भरपूर शिल्लक असूनही मेकॅनिकने टायर बदलायला सांगितले. हा अनावश्यक खर्च नाही का?

खर्च अनावश्यक आहे की नाही, ते टायरच्या वयावर ठरेल आणि ते वय आपल्याला स्वतः वाचता येते. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार अंक असतात. ते 2319 असतील तर टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनला आहे. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, म्हणून बाहेरून ती दिसली नाही तर गाडीखालच्या बाजूने पाहावे लागते. अनेक वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात, आणि दहा वर्षांनंतर नक्षी नवीकोरी दिसत असली तरी टायर वापरू नये, असे टायर उत्पादकही सांगतात. उन्हाने आणि हवेतील प्राणवायूने रबर हळूहळू कडक होते. टायर धावत राहिला तर रबरातील संरक्षक द्रव्ये पृष्ठभागापर्यंत येत राहतात, पण उभ्या गाडीत तसे होत नाही. म्हणूनच कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरच्या बाजूंवर बारीक भेगांचे जाळे दिसते. स्टेपनीचे वयही याच रीतीने पाहावे, कारण ती वर्षानुवर्षे कोणी बाहेर काढलेली नसते.

नक्षीबद्दलही दोन शब्द. खोबणींच्या तळाशी ठिकठिकाणी 1.6 मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण पावसात टायर पूर्ण गुळगुळीत, म्हणजे चालकांच्या भाषेत गोटा, होण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे. चाकाखालील पाणी बाजूला सारणे हे खोबणींचे काम आहे. खोबणी उथळ झाल्या की पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगात टायर पाण्यावर तरंगतो आणि तेवढा वेळ स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. झीज दोन्ही कडांना असेल तर हवा कमी राहत आली आहे, मधोमध असेल तर जास्त, आणि एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ जुळणी, बिघडले आहे. टायरच्या बाजूवर फुगा आला असेल तर मात्र आतले धागे तुटलेले असतात आणि त्यावर दुरुस्ती नाही. पंक्चरही फक्त जमिनीला टेकणाऱ्या मधल्या भागातलेच काढता येते, बाजूचे नाही.

प्रश्न : दोनच नवे टायर घेणे परवडत असेल तर ते पुढे लावावेत की मागे?

मागे, आणि गाडीची पुढची चाके ओढणारी असली तरीही मागेच. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी वळणात सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केल्यावर बहुधा ताब्यात येते. मागची पकड सुटली तर गाडीचा मागचा भाग फिरतो, आणि तिला सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही.

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गिअरची गाडी रस्त्यात बंद पडली. नातेवाइकांनी दोर बांधून ती न्यूट्रलमध्ये सुमारे 30 किलोमीटर टोचन करून आणली. आता गिअरबॉक्स खराब झाला असे सांगतात. न्यूट्रलमध्ये असताना असे कसे होईल? शिवाय ओढली जात असताना ब्रेक आणि स्टिअरिंग इतके जड झाले होते की मला भीती वाटली.

आपले नुकसान वाचून वाईट वाटले. न्यूट्रलमुळे इंजिन आणि चाके यांचा संबंध सुटतो, पण चाकांना जोडलेले गिअरबॉक्समधील भाग फिरतच राहतात. प्रचलित ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनाच्या बळावर चालतो. इंजिन बंद असल्याने पंपही बंद राहिला आणि आतले भाग पुरेशा तेलाविना कित्येक किलोमीटर एकमेकांवर घासत आले. काही उत्पादक ठरावीक अंतर आणि ठरावीक वेग यांच्या मर्यादेत अशी गाडी ओढायला परवानगी देतात, तर काही ती मुळीच देत नाहीत. दोर बांधण्यापूर्वी माहितीपुस्तिकेतील ते एक पान वाचणे म्हणूनच आवश्यक असते. गाडीची जी चाके इंजिनाने फिरतात ती उचलून घेणे हा सुरक्षित मार्ग आहे, आणि संपूर्ण गाडी सपाट ट्रकवर चढवणे हा त्याहून सुरक्षित. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीला आणि विजेवरच्या गाडीला ट्रकच हवा. विजेवरच्या गाडीची मोटर चाकांना जोडलेलीच असते आणि चाके फिरली की ती वीज तयार करू लागते, त्यातून महागडे भाग जळू शकतात. साध्या गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये बेताच्या वेगाने ओढता येते.

ब्रेक जड होण्याचे कारणही इंजिनच आहे. पाय हलका पडावा म्हणून ब्रेकला जे साहाय्य मिळते ते बहुतेक गाड्यांत इंजिनाने निर्माण केलेल्या निर्वातातून येते. इंजिन बंद झाल्यावर साठलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो, त्यानंतर सगळे बळ पायाचे. ब्रेक लागतो, पण पेडलवर जवळजवळ उभे राहावे लागते. स्टिअरिंगचेही तसेच. हे आधी ठाऊक असेल तर मागचा चालक अंतर राखून, लवकर आणि जोराने ब्रेक दाबतो. ओढताना चावी कधीही काढू नये, नाहीतर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग कुलूपबंद होते. ब्रेकच निकामी असेल तर गाडी दोराने ओढूच नये.

दोर कोठे बांधावा याविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. जॅक आणि पान्याच्या जोडीला लोखंडाची एक जाड कडी असते आणि बंपरवर तिच्यासाठी छोटे झाकण असते. बऱ्याच गाड्यांत या कडीचे आटे उलटे असतात, म्हणून ती नेहमीच्या दिशेने बसत नसेल तर बळजबरी न करता उलट फिरवून पाहावी आणि पान्याचा दांडा घालून पूर्ण आवळावी. बंपर, स्टिअरिंगचे दांडे किंवा सस्पेन्शन यांना दोर बांधू नये. पुढच्या चालकाने दोर आधी ताठ करावा आणि मगच निघावे, कारण ढिल्या दोराला बसलेला हिसका गाडीच्या वजनाच्या कित्येक पट ताण आणतो. दोर तुटला तर त्याचे टोक आणि हूक माणसाचा जीव घेऊ शकतात. मुले कुतूहलाने जवळ येतात, त्यांना आधी दूर करावे आणि दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये.

प्रश्न : मी हायवेवर एकटी गाडी चालवते. वेगात टायर फुटला तर काय करावे? आणि गाडीमागे ट्रेलर जोडलेला असताना तो डोलू लागला तर?

दोन्ही प्रसंगी पाय आपोआप ब्रेककडे धावतो, आणि दोन्ही प्रसंगी त्याला आवरायचे असते. ताशी 90 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 25 मीटर जाते, त्यामुळे विचार करायला वेळ नसतो. म्हणून हा क्रम आजच मनात घोळवून ठेवावा. टायर फुटताच स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचलावा आणि वेग आपसूक उतरू द्यावा. पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला ओढते, मागचा फुटला तर मागचा भाग डोलतो. वेग पुरेसा उतरल्यावरच हलका ब्रेक लावून कडेला यावे. सपाट आणि कडक जागा मिळेपर्यंत थोडे अंतर फाटक्या टायरवर जावे लागले आणि रिम खराब झाली, तर होऊ द्यावी. चाक बदलताना नट जमिनीवर असतानाच सैल करावेत, मग जॅक लावावा, आणि नवे चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत. 80 ते 100 किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत. स्टेपनी अरुंद, तात्पुरत्या प्रकारची असेल तर ताशी 80 किलोमीटरच्या वर जाऊ नये.

ट्रेलर डोलू लागल्यास सरळ करण्यासाठी स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवू नये आणि वेगही वाढवू नये. अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग स्थिर धरले की डोलणे बहुधा कमी होते. ट्रेलरला स्वतंत्र विजेचा ब्रेक असेल तर तेवढाच हाताने हळू लावावा. थांबल्यावर सामान पाहावे, कारण डोलण्याचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. वजन मागे लोटलेले असेल तर ट्रेलर शेपटीसारखा हलतो. जड वस्तू ट्रेलरच्या आसावर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) आणि त्याच्या किंचित पुढे, तळाशी ठेवाव्यात, म्हणजे जोडाच्या कडीवर थोडा भार कायम राहतो. तो किती असावा आणि गाडी एकूण किती वजन ओढू शकते, हे दोन्ही आकडे पुस्तिकेत असतात. निघण्यापूर्वी ट्रेलरच्या टायरमधील हवाही मोजावी. गाडीच्या चारही चाकांची हवा तपासून निघालेल्या माणसाच्या हातून नेमकी तीच दोन चाके राहून जातात.