ओमाबद्दल बोलताना ‘पुण्य’ हा शब्द नको

मावशी,

मी मूळची नाशिकची, चौदा वर्षं कॅनडात, ऑन्टारियोमध्ये. नवरा डच वंशाचा. त्याची आजी, म्हणजे आमची ओमा, गेल्या वर्षी 93व्या वर्षी गेली. रॉटरडॅममध्ये वाढलेली. 1952 साली लग्न झाल्या झाल्या नवऱ्याबरोबर बोटीनं हॅलिफॅक्सला उतरली. आधी दुसऱ्याच्या शेतात राबली, मग स्वतःची भाजीची शेती, सहा मुलं. रविवारी दोनदा चर्च, प्रत्येक जेवणानंतर बायबलचा उतारा, आणि बाकी सगळा आठवडा लोकांची कामं. आता वर्ष झालं म्हणून सगळे चर्चच्या हॉलमध्ये जमणार आहेत. शेवटची सहा वर्षं तिला डॉक्टरकडे मीच न्यायचे, म्हणून सासूबाईंनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. पण मी हिंदू. तिच्या श्रद्धेवर बोलायचा मला काय अधिकार? शिवाय आमच्या लग्नात होम सुरू झाल्यावर ती कोट घालून बाहेर लॉबीत बसून राहिली होती, आत आली ती थेट जेवायला. माझी आई ते अजून विसरलेली नाही. हे सांगू का? नणंद म्हणते, छान छान तेवढंच बोल. आणि तिथे एक दिवा लावला तर चालेल का?
– एक नातसून

प्रिय नातसूनबाई,

तुझं पत्र सात पानांचं होतं, वर छापलंय ते बरंच कापून. त्या सात पानांत ‘पुण्य’ हा शब्द चार वेळा आलाय. ‘तिनं फार पुण्य कमावलं’, ‘ती पुण्यवान बाई होती’ वगैरे. आपल्याकडे हे जिभेवरच असतं, चूक काही नाही. पण तिच्या माणसांसमोर हा शब्द इंग्रजीत करून नेऊ नकोस, कारण तिची श्रद्धा नेमकी याच्या उलट्या टोकाला उभी होती.

नगरच्या एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी मी अर्धं बालपण काढलं, म्हणून मला यातलं थोडं कळतं. ओमाचा पंथ कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या वळणाचा. त्यांच्याकडे 1563 सालची एक प्रश्नोत्तरी आहे, हायडेलबर्गची. ओमानं ती लहानपणी घोकलेली असणार. तिचा पहिलाच प्रश्न असा, की जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता? उत्तराची सुरुवात अशी, की मी माझी नाही, देहानं आणि जिवानं ख्रिस्ताची आहे. पुढे तीन भाग येतात. माणसाची दैना, त्यातून सुटका आणि शेवटी कृतज्ञता. सत्कर्मं या तिसऱ्या भागात येतात. म्हणजे सुटका आधीच झालेली, फुकट मिळालेली. कामं करायची ती त्याबद्दलच्या आभारापोटी. खात्यावर काही जमा होत नाही. आपल्याकडचा जवळचा शब्द ‘ऋण’ आहे, तोही न फिटणारं ऋण अशा अर्थानं. ‘हे म्हणजे गीतेतला निष्काम कर्मयोगच की’ असं तुला म्हणावंसं वाटेल. म्हणू नकोस. पाच मिनिटांत तिला आपल्यात ओढून घेण्यापेक्षा ती होती तिथेच तिला राहू दे.

आता बटाट्याचं बघू. तू लिहिलंयस की ओमा बटाट्याचं साल इतकं पातळ काढायची की त्यातून पेपर वाचता यावा, आणि शिळ्या पावाचा तुकडासुद्धा टाकू द्यायची नाही, त्यावरून तुमची भांडणं व्हायची. अगं, दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, 1944-45च्या हिवाळ्यात ती तेरा वर्षांची होती, आणि रॉटरडॅममध्ये होती! डच रेल्वे कामगारांनी संप केला म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचं अन्न अडवलं, त्यात कालवे गोठले. सुमारे 20 हजार माणसं गेली. लोकांनी साखरबीट खाल्लं, ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. (आपल्याला ट्यूलिप म्हटलं की हिंदी सिनेमातलं गाणं आठवतं, तिच्या पिढीला कंदाची चव आठवायची.) एप्रिलच्या अखेरीला दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकी विमानांनी बॉम्बऐवजी धान्याची पोती टाकली. त्या देशाचा बराच भाग सोडवला तो कॅनडाच्या सैन्यानं. पुढे सात वर्षांनी हीच मुलगी हॅलिफॅक्स बंदरातल्या पिअर 21 या धक्क्यावर उतरली ती त्या सैनिकांच्या देशात. 1980 मध्ये तिच्या चर्चनं एक व्हिएतनामी निर्वासित कुटुंब बोलावून घेतलं आणि ओमा दर मंगळवारी त्यांना इंग्रजी शिकवायला जायची, असं तू म्हणतेस. डच उच्चारातलं इंग्रजी! या सगळ्याची सांगड घालायला तुला ख्रिस्ती असायची गरज नाही. साल, पोतं आणि मंगळवार एवढं सांग. विशेषणं नातेवाईक वापरतीलच.

तुझ्या अधिकाराचंही त्यातच आलं. ती देवाशी काय बोलायची ते तू सांगू नयेस, तुला ते ठाऊकही नाही. पण प्रार्थनेत डोळे मिटलेले असताना ती टेबलाखालून तुझ्या हातात पेपरमिंट सरकवायची, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

लॉबीचं मात्र नाजूक आहे. नणंदेचं मी ऐकणार नाही. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी ओमाचा कडकपणा सोसलेला असेल, रविवारी विणकामाच्या सुया हातात धरू न देणारी आजी त्यांची पण होती. नुसती गोड ओमा उभी केलीस तर तिला कोणी ओळखणारच नाही. तिच्या लेखी दुसऱ्या अग्नीसमोर बसणं म्हणजे बायबलातल्या दहांपैकी पहिली आज्ञा, दुसरा देव मानू नकोस ही, मोडणं होतं. त्यात तुमचा अपमान करायचा हेतू नसेल, पण तुझ्या आईला लागायचं ते लागलंच. दोन्ही खरं आहे. तू दोन वाक्यांत सांग, आवाज न चढवता, आणि आधी सासूबाईंना वाचून दाखव. त्या नको म्हणाल्या तर गाळ. अखेर आई त्यांची होती. आणि तुझ्या आईच्या वतीनं तिला माफ वगैरे करून टाकू नकोस. ते आईचं काम आहे, तिला हवं तेव्हा ती करील, नाहीतर नाही करणार.

पण लॉबीचं सांगितलंस तर कॅलेंडरचंही सांगावंच लागेल. ते तू पाचव्या पानावर जाता जाता लिहून गेलीस, आणि मी तिथेच थांबले. डच घरांत संडासच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगतात, वार नसलेलं, त्यामुळे वर्षानुवर्षं तेच चालतं. ओमाच्या कॅलेंडरवर दीडशेच्या वर नावं, व्हिएतनामी घरातल्या पाचही जणांची धरून. गेलेल्यांची नावं खोडलेली नाहीत, शेजारी पेन्सिलीनं छोटा क्रॉस. तुझे वडील नाशिकला वारले आणि तुला वेळेत पोचता आलं नाही, तेव्हा ती डब्यात लोणी लावलेले पाव घेऊन आली, दोन तास काही न बोलता बसली आणि निघताना त्यांची जन्मतारीख विचारून गेली. पुढच्या वेळी तू तिच्या घरी गेलीस तर ऑगस्टच्या पानावर त्यांचं नाव, स्पेलिंग चुकलेलं, शेजारी क्रॉस. त्यानंतर दर ऑगस्टमध्ये तिचा फोन. लॉबीबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही, असंही तू लिहितेस. हे सगळं असंच सांग, जोडणी करू नकोस. ‘आणि मग ती बदलली’ हे वाक्य तर मुळीच नको. ती बदलली होती का, मला शंका आहे.

दिवा घरी लाव, वडिलांच्या फोटोशेजारी तिचाही ठेवून. तिथे नको. तिच्या पंथात मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाहीत, त्यामुळे ‘आत्म्याला शांती लाभो’ हेसुद्धा तिथे जरा उपरं वाटेल. त्यांच्यात अशा वेळी गेलेल्या माणसाबद्दल देवाचे आभार मानतात, पाच मिनिटांच्या शेवटी तू थँक्यू म्हणून खाली बसलीस तरी रीतीला धरून होईल.

कॅलेंडर खिळ्यावरून काढून सोबत ने. सासूबाईंना विचारून, अर्थात. आणि एक सांग, सात पानं लिहिलीस, पण त्या कॅलेंडरवर तुझं स्वतःचं नाव कसं लिहिलंय ते काही कळवलं नाहीस. बोलायला उभी राहण्याआधी तेवढं बघून ये.

– मावशी