सासूबाईंचं कपाट, जुना मॉनिटर आणि बोहारीण

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंदिरानगरला राहतो. सासूबाई जाऊन सहा महिने झाले, आता त्यांची खोली आवरायला घेतलीये तर डोकंच चालेना झालंय. पन्नासेक साड्या, त्यातल्या दहा-बारा नऊवारी, पितळेची भांडी, वॉकर, अर्धवट वापरलेल्या गोळ्यांचा डबाभर साठा, वर मुलांची जुनी पुस्तकं आणि एक जुना डब्बा मॉनिटर. मिस्टर म्हणतात भंगारवाल्याला बोलव आणि मोकळी हो. पण मला वाटतं कुणाच्या तरी उपयोगाला यावं. मागे एका ठिकाणी चार पिशव्या दिल्या तर त्यांनी त्यातल्या दोन परत पाठवल्या, फार लागलं हो मनाला. द्यायचं तरी कसं आणि कुणाला?

उत्तर : पिशव्या परत आल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नका. खरं तर त्यांनी तुमच्यावर उपकारच केले, नाहीतर बरेच लोक तोंडावर थँक्यू म्हणून घेतात आणि मागल्या दाराने घंटागाडीत टाकतात. माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी सोसायटीतून गोळा केलेली गाठोडी घेऊन आम्ही पेठच्या पुढे एका पाड्यावर गेलो होतो, सगळ्या जॉर्जेट, सिंथेटिक, टिकल्या-बिकल्या लावलेल्या साड्या. बायांनी मुकाट्याने घेतल्या. पुढच्या वर्षी गेलो तर त्याच साड्या वांग्याच्या वाफ्याभोवती शेळ्या येऊ नयेत म्हणून बांधलेल्या! एक आजी हसत म्हणाली, ताई, पुढच्या वेळी जाड चादर आणा नाहीतर बादली तरी आणा. तेव्हापासून मी आधी फोन करते, काय हवंय ते विचारते आणि मगच कपाट उघडते.

तर साड्या. सुती आणि नऊवारी वेगळ्या काढा, त्यातली एखादी घरातल्या नातीसाठी ठेवा. बाकी सुतीची गोधडी शिवून घ्या, मऊ झालेलं जुनं सुती कापड गोधडीला जितकं चांगलं तितकं नवं नसतं. नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, निफाडला तर पारा किती खाली जातो ते दरवर्षी पेपरात येतंच. सुरगाणा-पेठकडून द्राक्षाच्या कामाला येणारी माणसं याच थंडीत बागेच्या कडेला पालं टाकून राहतात, त्यांच्यात लहान पोरं पण असतात. म्हणजे गोधड्या-चादरी द्यायच्या तर दिवाळीनंतर लगेच द्या, फेब्रुवारीत देऊन काय उपयोग. कपडे धुऊन, बटणं लावून, जोडीतले जोडीत बांधून द्या. आतले कपडे, एकेकटे मोजे, फाटकी बनियनं देऊ नका, त्यांची घरात पुसणी करा.

पितळ बिनधास्त विका हो. सराफ बाजाराजवळ भांडीबाजारात मोडीत घेतात, पितळ वितळून पुन्हा पितळच होतं, त्यात कसली हळहळ. एखादं पातेलं कल्हई करून ठेवा, आमटी काय लागते त्यात!

वॉकर मात्र भंगारात देऊ नका, तेवढं माझं ऐका. खाली घासलेली रबरी बुटं बदला, उंची कमी-जास्त करायची बटणं नीट बसतात का बघा आणि जिथे रुग्णांचं सामान वापरायला देऊन नंतर परत घेतात अशा ठिकाणी द्या. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांपुरता वॉकर लागतो, मग पुढच्याला. एका वॉकरवर कितीतरी घरं उभी राहतात.

गोळ्यांचं मात्र नाही म्हणजे नाही. एका दवाखान्यात दिल्या तर गरिबाला मिळतील असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या नियमांतच आहे की एकदा पेशंटला दिलेली औषधं परत घेऊन दुसऱ्याला द्यायची नाहीत. घरात ती उन्हात राहिली की फ्रिजमध्ये, कोण सांगणार? बरं, पट्टीची कडा कापली की एक्सपायरीची तारीखही जाते.

मॉनिटर. त्याच्या काचेत शिसं असतं, म्हणून तो फोडून आतली तांब्याची तार काढणाऱ्याला देऊ नका, तो त्याच्याच जिवावर उठतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच गेला पाहिजे. महापालिकेकडे चौकशी करा. जुना सीपीयू असेल तर देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या, त्यात तुमचे बँकेचे कागद असतात आणि आपण विसरतो.

पुस्तकांबद्दल थोडं कडू बोलते. पहिली ते आठवीची जुनी क्रमिक पुस्तकं झेडपीच्या शाळेत नेऊ नका, तिथल्या मुलांना ती सरकारकडून फुकट मिळतात. अभ्यासक्रम बदलला असला तर रद्दीच. गोष्टींची पुस्तकं, नकाशे, शब्दकोश न्या. शिवाय पेन्सिली, कंपास, चित्रकलेच्या वह्या नव्या घेऊन द्या, दोनशे रुपयांत एका वर्गाचा चेहरा उजळतो. पुस्तकात नाव लिहिलेलं असेल तर राहू द्या, मुलांना ते वाचायला मजा येते.

आणि देताना फोटो काढू नका.

प्रश्न : ताई, आमच्याकडे बोहारीण येते, मी जुन्या साड्या तिला देऊन भांडं घेते. मुलगी म्हणते दान करायचं सोडून सौदा करतेस. चुकतंय का माझं? (पंचवटी)

उत्तर : अजिबात नाही. उलट रिसायकलिंग हा शब्द आपल्याकडे येण्याआधीपासून ती बाई दारोदार फिरून तेच करतेय. कपडे निवडायचे, धुवायचे, टाका घालायचा आणि जुन्या बाजारात विकायचे, त्यावर तिचं घर चालतं. कमी पैशात कपडा घेणाऱ्यालाही तो मनासारखा निवडून घेता येतो, दिलेलं गुमान घ्यावं लागत नाही. लेकीला एकदा तिच्याशी बोलायला बसवा. फक्त चार विटक्या साड्यांवर मोठं पातेलं मागू नका. मी एकदा मागितलं होतं, तिने माझ्याकडे एक नजर टाकली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये गेली.