वाचकांचे प्रश्न: क्रॉन नेमका कधी चालतो?

प्रश्न: भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर रोज पहाटे २ वाजता बॅकअप निघावा म्हणून क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या ‘क्रॉन’च्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये) ‘० २ * * *’ अशी ओळ घातली आहे. बॅकअप मात्र सकाळी साडेसातला, ऐन कामाच्या वेळी सुरू होतो. ओळीत काय चुकलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ओळ बरोबर आहे, घड्याळ वेगळं आहे. बहुतेक भाड्याचे सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. तिथे २ वाजतात तेव्हा इथे साडेसात. म्हणून ‘३० २० * * *’ लिहा, म्हणजे यूटीसीचे रात्री साडेआठ, आपले पहाटेचे २. (रकान्यांचा क्रम मिनिट, तास, तारीख, महिना, वार; * म्हणजे ‘कोणताही’. इथे आकडे मराठीत छापले आहेत, टाइप करताना इंग्रजीच हवेत.)

रोजच्या कामाचं एवढ्यावर भागतं. वार किंवा तारीख आली की खरी गोम कळते. आपल्या सोमवारी पहाटे २ ला तिथे अजून रविवारच असतो, त्यामुळे वाराच्या रकान्यात १ नव्हे, ० हवा. महिन्याच्या १ तारखेचं काम तर याहून अवघड: त्या वेळी तिथे मागच्या महिन्याची अखेर असते, ती कधी २८, कधी ३०, कधी ३१. एका ठरावीक आकड्यात ती मावत नाही. सरळ उपाय म्हणजे काम आपल्या साडेपाचनंतर ठेवा. ‘३० ० १ * *’ ही ओळ १ तारखेला आपल्या सकाळी ६ वाजता चालेल. सर्व्हर फक्त तुमचाच असेल, तर त्याचा टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करून क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करा. आम्ही तेच सुचवू, डोक्यातली वजाबाकी कायमची सुटते.

प्रश्न: दर ४५ मिनिटांनी चालावं म्हणून मिनिटाच्या रकान्यात ‘*/४५’ लिहिलं, तर एकदा ४५ आणि एकदा १५ मिनिटांचं अंतर पडतं. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: क्रॉन मधला वेळ मोजतच नाही. दर मिनिटाला तो घड्याळ ओळीशी ताडून पाहतो. ‘*/४५’ म्हणजे प्रत्येक तासाचं ०वं आणि ४५वं मिनिट, नवा तास लागला की मोजणी पुन्हा शून्यापासून. ६० ला नि:शेष भाग जाणारे आकडे (५, १०, १५, २०) म्हणूनच बिनबोभाट चालतात. ४५ साठी तीन ओळी लागतात: ‘०,४५ */३ * * *’, ‘३० १-२३/३ * * *’ आणि ‘१५ २-२३/३ * * *’ (‘१-२३/३’ म्हणजे १ पासून २३ पर्यंत दर तिसरा तास). ५० मिनिटांसाठी मात्र क्रॉनचा नाद सोडा आणि सिस्टमडी टायमर (मधला वेळ मोजून काम चालवणारी लिनक्समधली दुसरी सोय) वापरा.

काम कधी ४५ मिनिटांहून लांबत असेल, तर आज्ञेआधी ‘फ्लॉक’ (एका वेळी एकच फेरी चालू देणारी आज्ञा, flock) लावा, त्याच्या ‘एन’ (-n) पर्यायासह. पहिली फेरी चालू असताना दुसरी आली, तर ती लगेच माघारी जाते. नाहीतर दोन फेऱ्या एकाच फाइलवर लिहितात आणि फाइल बिघडते.

प्रश्न: हातानं चालवली तर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून चालत नाही. (एक वाचक, पणजी)

उत्तर: क्रॉनला तुमच्या टर्मिनलची ‘पाथ’ यादी (आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) मिळत नाही, त्याची यादी फारच तोकडी असते. प्रत्येक आज्ञेचा आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहा. ओळीत टक्क्याचं चिन्ह (%) असेल तर त्याआधी उलटी तिरकी रेघ (\) द्या, नाहीतर क्रॉन आज्ञा तिथेच तोडतो. तारखेच्या नावानं फाइल करणाऱ्या ओळी हमखास इथेच अडतात, कारण तारखेचा साचा लिहिताना हे चिन्ह लागतं.